गुलाब, वाटाणा आणि दुसरं दार



मागे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बैठकीत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरी मोरीचं सांडपाणी दिवसाला दोन घागरी निघते. परसात दुसरं पाणी नाही. ते गुलाबाले घालू का वाटाण्याले?" सभेत हशा पिकला. चर्चा चालली होती कापसाच्या भावाची, आणि ही बाई गुलाबाचं विचारते! आम्हीही हसलो आणि पुढच्या विषयाकडे वळलो.

ती आमची चूक झाली. दोन घागरी पाणी कुठे घालायचं हा प्रश्न आणि पाच एकर कोरडवाहू वावरात काय पेरायचं हा प्रश्न, दोन्ही एकच आहेत. आज त्या बाईंना उत्तर द्यायला उभे आहोत.

हे उत्तर आम्हाला माथेरानात सापडलं. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातला हा डोंगर. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढला आणि गोऱ्या साहेबांना उन्हाळ्यात राहायला जागा मिळाली. १९०७ साली नेरळहून वर छोटी रेल्वे गेली. बाहेरच्या मोटारी आजही दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून पुढे माणसं पायी जातात आणि माल घोड्याच्या पाठीवर चढतो. पायथ्याच्या वाड्यांतल्या ठाकूर, कातकरी बाया रानभाजी, करवंदं, जांभळं डोक्यावर घेऊन चढतात. वर हवा खायला आलेला ग्राहक, खाली माल पिकवणारा आणि मध्ये उभा डोंगर. आपल्या सगळ्या देशाचं चित्र तिथे एका नजरेत दिसतं.

वर एका बंगल्यात माळीबुवा भेटले. अंगणात कुंड्यांतून गुलाब आणि भिंतीला काठ्या लावून चढवलेला वाटाणा. हा वाटाणा आपल्या ओळखीचा नव्हे. त्याला 'शुगर स्नॅप' म्हणतात. शेंग सोलायची नाही, सालीसकट कचाकचा खायची. अमेरिकेत आयडाहो राज्यात कॅल्विन लॅम्बोर्न नावाच्या पैदासकाराने जाड सालीचं एक वेगळं झाड चपट्या शेंगेच्या वाटाण्याशी संकरित करून ही जात काढली. १९७९ साली ती तिथल्या बाजारात आली. बंगल्याच्या पाहुण्यांनी बुवांना बियांचं पाकीट दिलं होतं.

आम्ही विचारलं, "बुवा, दोन्हींत सोपं कोण?"

बुवा म्हणाले, "गुलाब म्हणजे घरजावई. वर्षानुवर्षं राहतो आणि रोज त्याचं करावं लागतं. वाटाणा म्हणजे पाहुणा. दोन-अडीच महिने राहतो, जाताना काहीतरी देऊन जातो."

शेतकऱ्याला शोभेल असा हा हिशेब आहे. थोडा उलगडून पाहू.

गुलाबाचं कलम जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून करतात. डोळ्याच्या खालून फुटवा आला की तो काढायचा, नाहीतर जंगली झाड वरचढ होतं. पाऊस सरला की छाटणी, मग सहा-सात आठवड्यांनी फूल. त्याला दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं आणि निचऱ्याची जमीन हवी. भुरी, फुलकिडे, लाल कोळी ही मंडळी पाठीला लागलेलीच. म्हणून खत हवं, फवारा हवा, आणि उन्हाळ्यातही पाणी हवं. घेणं बारा महिन्यांचं आहे.

वाटाण्याला थंडी हवी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बी टोकावं, चढायला काठी किंवा सुतळी द्यावी. साठ-सत्तर दिवसांत शेंग येते. फेब्रुवारीत ऊन तापलं की फूल गळतं आणि खेळ संपतो. त्यालाही भुरी लागते आणि पाणी साचलं तर बी कुजतं. पण त्याच्या मुळांवर गाठी असतात. हवेतलं नत्र धरून ठेवण्याचं काम त्या गाठींतले जिवाणू करतात. वेल वाळला की उपटू नये, बुडाशी कापून मुळं जमिनीत राहू द्यावीत. पुढच्या भाजीला त्याचा उपयोग होतो. तुरीचं बेवड आपण मानतो, ते याच कारणाने.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, ठरलं तर! वाटाणा चांगला, गुलाब वाईट. थांबा. माथेरानची माकडं अजून यायची आहेत.

आम्ही बोलत असतानाच भिंतीवरून टोळी उतरली. वाटाण्याच्या शेंगा ओरबाडून खाल्ल्या, गुलाबाच्या कळ्या चावून थुंकल्या. दोन मिनिटांत बुवांची बाग साफ. आम्ही हळहळलो, तर बुवा शांतपणे म्हणाले, "साहेब, माकडाने नाही खाल्लं तरी ही शेंग टिकते कुठे? तोडल्या दिवशी साखर, दोन-तीन दिवसांनी नुसतं पीठ. आमच्या गावचा वाल बरा."

बुवांचं गाव खाली, खालापूर तालुक्यात. त्या भागात भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात. वरून पाणी नाही, दव आणि जमिनीतली ओल यांवर पीक येतं. थंडीत कोवळ्या शेंगांची पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. हिरव्या शेंगेला गिऱ्हाईक मिळालं तर शेंग विकायची. नाही मिळालं, भाव पडला, तर शेंग वेलावरच वाळू द्यायची. मग तोच कडवा वाल वर्षभर कणगीत राहतो. मोड आणून बिरडं करा नाहीतर सवडीने विका.

भावांनो, गोष्टीचं मर्म इथे आहे. वालाला दोन दारं आहेत. एक दार लागलं तर माल दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. शुगर स्नॅपला एकच दार. शेंग आज खपली तर सोनं, नाहीतर गुरांपुढे. जी गोडी त्याची किंमत वाढवते, तीच त्याचं आयुष्य कमी करते.

आता गुलाबाकडे या. माथेरानच्या पलीकडे बोरघाट चढून गेलं की मावळ तालुका लागतो. तळेगावच्या फुलशेती पार्कात आणि आसपासच्या गावांत हरितगृहांतून लांब दांड्याचा गुलाब पिकतो. फेब्रुवारीच्या चौदा तारखेसाठी तो परदेशात जातो. त्या शेतकऱ्यांच्या हिमतीला आमचा सलाम. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा काय झालं? लग्नं थांबली, देवळं बंद, विमानं बंद. फुलबाजार ओस पडला. आणि झाडाला टाळेबंदी कळत नाही! फूल विकलं नाही तरी ते कापावंच लागतं, नाहीतर झाड बिघडतं. शेतकऱ्यांनी घरची मजुरी घालून फुलं कापली आणि उकिरड्यावर टाकली. कर्जाचा हप्ता मात्र उकिरड्यावर टाकता येत नाही.

उलट, गावठी सुवासिक गुलाब पाहा. दांडा आखूड, पाकळ्या लगेच झडतात, शहरातल्या दुकानात त्याला कुणी उभं करत नाही. पण फवारा न मारलेल्या त्याच्या पाकळ्या साखरेचे थर देऊन बरणीत भरल्या आणि उन्हात ठेवल्या की गुलकंद होतो. राजस्थानात पुष्करला त्यावर धंदा उभा आहे. म्हणजे गुलाबातही एकदारी आणि दोनदारी आहेत, वाटाण्यातही आहेत. निवड गुलाब की वाटाणा अशी नाहीच. दुसरं दार आहे की नाही, एवढंच विचारायचं.

तुम्हाला हे नवीन नाही. ज्वारीचा हुरडा भाजतो तो कोण? कोवळी असताना हुरडा, वाळली की भाकर, आणि कडबा बैलाला. ज्वारीला तर तीन दारं! तुरीच्या ओल्या शेंगा विकतो, उरल्या तर डाळ करतो. कापूस खाता येत नाही, पण घरात थांबू शकतो. अंगाला खाज सुटते, वजन थोडं घटतं, तरी थांबतो. मग आपण दिवाळीआधीच पडत्या भावात तो का विकतो? कारण कापूस थांबतो, सावकार थांबत नाही.

म्हणून शहरातून कुणी तज्ज्ञ येऊन सांगतो की कापूस सोडा, फुलं लावा, परदेशी भाजी लावा, तेव्हा त्याला हाकलून देऊ नका. पीक बदलायला आपला विरोध नाही. त्याला एवढंच विचारा: भाव पडला त्या दिवशी हा माल आम्ही काय करायचा? उत्तर असेल तर लावा. नसेल तर पाव एकरापलीकडे जाऊ नका.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. पहिली दोन अंगं परसापासून आणि माजघरापासून सुरू होतात, ती का, हे या दोन झाडांवरून कळतं. घरच्या बियाण्याचा वाल आणि माजघरातली गुलकंदाची बरणी ही बाजाराला पाठ दाखवण्यासाठी नव्हे. बाजारात ताठ मानेने उभं राहण्यासाठी आहे. ज्याच्याजवळ दुसरं दार आहे, तोच पहिल्या दारात 'या भावाने देत नाही' असं म्हणू शकतो.

आणि हेही लक्षात ठेवा. आपण उघडलेलं दार बाहेरून बंद करणारे हात आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त केली आणि मुदतीमागून मुदत वाढवली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, तेही नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर. शेतकऱ्याने तूर-हरभरा घरात थांबवायचा आणि सरकारने बाहेरचा माल आणून भाव पाडायचा! परसातलं दार घरची बाई उघडेल, हे दुसरं दार संघटनेलाच उघडावं लागेल.

राहिलं त्या बाईंचं उत्तर. ताई, पावणेदोन घागरी वालाला किंवा वाटाण्याला घाला. उरलेलं पाव घागर एका गावठी गुलाबाला घाला. त्याचा हिशेब कुणाला देऊ नका. आयुष्यभर कापूस वेचून बोटं फाटली, त्या हातांनी स्वतःच्या डोक्यात एक फूल माळलं तर त्याला खर्च म्हणत नाहीत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरच्या वालाचं, तुरीचं, ज्वारीचं मूठभर बी पदरात बांधून आणावं. अदलाबदल करू, आणि मग कापसाच्या भावाचं बोलू.