मेंढीचे दूध आणि आनुवंशिकता



मेंढी म्हटली की आपल्याला घोंगडी आठवते, दूध आठवत नाही. परंतु दक्षिण फ्रान्समधील आवेरों भागात लाकोन जातीची मेंढी दुधासाठीच पाळतात. रोकफोरचे निळ्या बुरशीचे प्रसिद्ध चीज तिच्याच दुधाचे करावे लागते. तेथे गाईचे दूध चालत नाही.

१९६० च्या सुमारास ही मेंढी एका वेतात १०० लिटरही दूध देत नसे. शतक संपेतो तोच आकडा २५० च्या पुढे गेला. काही श्रेय चाऱ्याचे खरे, पण मोठा वाटा निवडीचा.

आता मेंढा काही दूध देत नाही! मग त्याची पारख करावी कशी? त्याच्या लेकींच्या धारा मोजून. या लेकी अनेक कळपांत विखुरलेल्या हव्यात. नाहीतर एखाद्या धन्याच्या सढळ वैरणीचे श्रेय बापाला मिळायचे. असे मोजमाप केल्यावर दिसते की, मेंढ्यामेंढ्यांच्या दुधात जो कमीअधिकपणा असतो, त्यातला सुमारे ३० टक्केच आनुवंशिक असतो. स्निग्धांश व प्रथिनांच्या प्रमाणात मात्र हा वाटा निम्म्याच्या घरात जातो.

आणि गोम येथेच आहे. दूध वाढवणारा वारसा बहुधा ते पातळही करतो, आणि चीज तर घट्ट अंशाचेच होते! म्हणून १९८० नंतरच्या दशकात तेथील पैदासकारांनी केवळ लिटर मोजणे सोडून स्निग्धांश व प्रथिनेही हिशेबात घेतली. पुढे कासेची ठेवण आणि तिचे आरोग्यही त्यात आले. ही सुधारणा, माझ्या मते, फार आधी व्हायला हवी होती. कारण कासेची किंमत मेंढी भोगत असते.

२०१५ साली फ्रेंच संशोधकांनी याचा एक विलक्षण दाखला प्रसिद्ध केला. 'सॉक्स-२' नावाचे एक जनुक आहे. शरीराच्या वाढीला लगाम घालणे हे त्याचे काम. लाकोन मेंढ्यांत या जनुकातील एकच अक्षर बदललेले आढळले. लगाम सैल झाला. मेंढी थोराड झाली, दूधही वाढले. मात्र त्याच मेंढीला कासेचा दाह, ज्याला आपले शेतकरी दगडी म्हणतात, तो लवकर होऊ लागला. एकाच बदलाची ही दोन्ही फळे!

हा दोष आता कोकराच्या वयातच रक्त तपासून ओळखता येतो. असा मेंढा वगळायचा तर थोड्या दुधावर पाणी सोडावे लागते. शिवाय तो अंगापिंडाने भरदार असतो. कळपात पाहणाऱ्याची नजर प्रथम त्याच्यावरच ठरते.