उन्हाळी सुट्टी आणि गावचे ग्रंथालय



वार्षिक परीक्षा आटोपल्या, शाळांना सुट्टी लागली आणि मुंबई-पुण्याकडे नोकरीनिमित्त गेलेली माणसे गावी परतू लागली, की तालुक्याच्या लहानशा शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाचे स्वरूप पालटते. एरवी सायंकाळी वर्तमानपत्रे चाळणारे चार-दोन वृद्ध वाचक आणि अभ्यासिकेत बसलेले विद्यार्थी एवढीच जाग असणाऱ्या वास्तूत व्याख्यानाची जाजमे अंथरली जातात, मुलांसाठी कथाकथन होते, ग्रंथप्रदर्शन मांडले जाते. ग्रंथालयाच्या वर्षातील हा सर्वांत गजबजलेला काळ होय. या काळात जे कार्यक्रम होतात, त्यांतून ग्रंथालयाला कायमचे असे काय मिळते, आणि ते मिळावे यासाठी ग्रंथालयाच्या नित्याच्या व्यवस्थेत कोणते बदल व्हावयास हवेत, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

उन्हाळ्यातील ज्ञानसत्राची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ झाला. शाळा-कॉलेजांना सुट्टी असते, लोकांना थोडी सवड असते, आणि दिवसभराच्या उन्हानंतर संध्याकाळी मोकळ्या हवेत बसून चार विचार ऐकण्याची मनाची तयारी असते. ऋतूची ही अनुकूलता लोकशिक्षणाच्या कामी आली, आणि हा उपक्रम पुढे महाराष्ट्रातील अनेक गावांनी उचलला. कृष्णाकाठच्या वाईत लोकमान्य टिळक स्मारक संस्थेच्या वतीने मे महिन्यात भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेने तर शंभरी केव्हाच ओलांडली आहे. वक्ते बदलले, विषय बदलले, श्रोत्यांच्या पिढ्या बदलल्या. पण लहान शहर आपल्या बळावर असा उपक्रम शतकभर चालवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

ग्रंथालयांचा वारसा तर याहूनही जुना आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ मधले, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधले, कल्याणचे १८६४ मधले.  पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथालय-तज्ज्ञास पाचारण करून आपल्या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम हाती घेतले. मुलांसाठी स्वतंत्र विभाग आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठविणारी फिरती ग्रंथालये ही त्या योजनेची ठळक अंगे होती. ज्याला ग्रंथालयापर्यंत येणे जमत नाही त्याच्याकडे ग्रंथालयाने जावे, ही दृष्टी त्यामागे होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम संमत झाला. या कायद्याने ग्रंथालयांसाठी नागरिकांवर वेगळा कर बसविला नाही. लोकांनी संस्था चालवावी आणि शासनाने अनुदानाचे साहाय्य द्यावे, ही मराठी ग्रंथालय चळवळीची मूळ घडणच त्याने मान्य केली. अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली राज्यातील हजारो ग्रंथालये आज याच व्यवस्थेखाली काम करीत आहेत.

ही सारी घडण लोकाश्रयावर उभी आहे, आणि म्हणूनच वाचक घटणे ही बाब तिच्या दृष्टीने गंभीर ठरते. पुस्तके विकत घेता येतील, इमारत बांधता येईल, अनुदानही मिळेल; परंतु गावातील दहा-बारा वर्षांची मुले ग्रंथालयाकडे फिरकेनाशी झाली, तर आणखी वीस वर्षांनी संस्थेचे सभासद आणि कार्यकर्ते कोठून यावयाचे? आज लहान शहरांतील अनेक ग्रंथालयांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका भरलेल्या दिसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. घरी स्वतंत्र खोली नसलेल्या मुलामुलींना तेथे शांत जागा आणि वीज मिळते. मात्र हे विद्यार्थी बहुधा आपलीच पुस्तके घेऊन येतात. अभ्यासिका भरलेली आणि देवघेव विभाग ओस, असे चित्र दिसले तर ग्रंथालय चालू आहे असे म्हणता येईल, ते वाचले जात आहे असे म्हणता येणार नाही.

श्रोता आणि वाचक

उन्हाळी कार्यक्रमांचे मोल याच ठिकाणी तपासले पाहिजे. व्याख्यानाला दोनशे श्रोते आले, टाळ्या झाल्या, वर्तमानपत्रात वृत्तान्त आला, आणि दुसऱ्या दिवशी देवघेव विभागात नेहमीचेच वीस वाचक दिसले, तर कार्यक्रम यशस्वी झाला. ग्रंथालयाचा लाभ मात्र झाला नाही. श्रोत्याचे रूपांतर वाचकात होण्यासाठी मध्ये एक पायरी बांधावी लागते, आणि ती बांधण्याचे काम वक्त्याचे नसून ग्रंथालयाचे आहे.

ही पायरी बांधण्यास मोठा खर्च लागत नाही. समजा, गावात पाणीप्रश्नावर व्याख्यान आहे. त्या विषयावरील ग्रंथालयातील पंधरा-वीस पुस्तके सभागृहाच्या दाराशीच एका टेबलावर मांडावीत. देवघेवीची नोंदवही आणि ग्रंथालयाचा एक सेवक तेथेच बसवावा, म्हणजे व्याख्यान संपताच इच्छुकास पुस्तक घरी नेता येईल. सभासद नसलेल्यास त्याच टेबलावर सभासदत्वाचा अर्ज मिळावा. विषय ऐकून निर्माण झालेले कुतूहल रात्रीपुरतेच टिकते. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या वेळेत येऊन अर्ज करा, असे सांगितले की ते विरून जाते.

उन्हाळ्याच्या दिनदर्शिकेतच अशा कार्यक्रमांसाठी पुष्कळ निमित्ते आहेत. ११ एप्रिल हा महात्मा जोतीराव फुले यांचा, तर १४ एप्रिल हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्मदिन. ग्रंथांच्या संग्रहासाठी दादरला ‘राजगृह’ बांधणाऱ्या बाबासाहेबांची जयंती वाचनाने साजरी करणे याहून उचित काय असेल? २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन, १ मे महाराष्ट्र दिन, ७ मे रवींद्रनाथ ठाकूर यांचा जन्मदिन, आणि शाळा उघडण्याच्या सुमारास, ११ जूनला, साने गुरुजींचा स्मृतिदिन येतो. प्रत्येक दिवशी भाषणच व्हावयास हवे असे नाही. निवडक उताऱ्यांचे सामुदायिक वाचन, मुलांनी स्वतः वाचलेल्या पुस्तकाविषयी चार वाक्ये बोलणे, गावातील शेतकऱ्याने, सुताराने अथवा परिचारिकेने आपल्या कामाची माहिती देणे आणि त्या कामाशी संबंधित पुस्तके पुढे ठेवणे, असे कितीतरी साधे उपक्रम करता येतात.

या संदर्भात भिलारचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान वसलेल्या, स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात ४ मे २०१७ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळी हंगामात, राज्य शासनाच्या पुढाकाराने ‘पुस्तकांचे गाव’ साकार झाले. आरंभी २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके ठेवण्यात आली. ग्रामस्थांनी आपल्या घरांतील जागा दिली. घरात, देवळात, शाळेत वाचनाची सोय झाली. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना स्फुरली. पण तेथे भर आहे तो पुस्तकांच्या दुकानांवर, तर भिलारला येणाऱ्याने पुस्तक हाती घ्यावे आणि निवांत वाचत बसावे, एवढीच अपेक्षा आहे. प्रत्येक तालुक्याला भिलार होता येणार नाही. परंतु पुस्तक कपाटातून बाहेर काढून माणसे जेथे बसतात तेथे नेऊन ठेवणे, हे त्यातील मर्म कोणत्याही ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला आचरता येईल.

व्यवस्थेतील बदल

कार्यक्रमांना जोड हवी ती व्यवस्थेतील बदलांची. पहिला बदल वेळेचा. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात दुपारी घराबाहेर पडणे अशक्यप्राय होते. अशा वेळी सकाळी सात ते दहा बालविभाग आणि सायंकाळी उशिरापर्यंत देवघेव, अशी वेळ ठेवणे सोयीचे ठरेल. गृहिणींना सवड कधी असते हे त्यांनाच विचारून महिलांसाठी आठवड्यातील एखादी वेळ निश्चित करावी. ग्रंथगणनेसाठी किंवा कपाटांना वाळवीचे औषध मारण्यासाठी ग्रंथालय बंद ठेवावयाचे असेल, तर ते सुट्टीच्या दिवसांत ठेवू नये. मुले मोकळी असताना दाराला कुलूप दिसले, तर ती पुन्हा येतीलच याची शाश्वती नाही.

दुसरा बदल मुक्तद्वार पद्धतीचा. वाचकाने स्वतः कपाटापाशी जावे, पुस्तक हाताळावे, चाळावे आणि निवडावे, ही ती पद्धती. पुस्तके गहाळ होतील या भीतीने अनेक ठिकाणी काचेची कपाटे कुलूपबंद राहतात आणि वाचकाला यादीवरून क्रमांक सांगावा लागतो. सरावलेला वाचक ते करील. नऊ वर्षांच्या मुलाला ते जमणार नाही. त्याला चित्र पाहून पुस्तक उचलायचे असते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांचा पायाच असा की ग्रंथाचे सार्थक तो जपून ठेवण्यात नसून वापरण्यात आहे. वर्षाकाठी पाच-दहा पुस्तके हरवणे किंवा फाटणे हे नुकसान खरेच; परंतु शेकडो पुस्तके वर्षानुवर्षे कोणाच्याही हाती न जाणे हे त्याहून मोठे नुकसान आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. संपूर्ण ग्रंथालय मुक्तद्वार करणे एकदम शक्य नसेल, तर निदान बालविभागापासून आरंभ करावा. मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी मांडणी, खाली सतरंजी आणि पिण्याच्या थंड पाण्याचा माठ एवढ्या साहित्यात बालविभाग सुरू होतो.

तिसरा बदल सभासदत्वाचा. गावी महिनाभरासाठी आलेली मुले कायमची सभासद होणार नाहीत. पण अल्प अनामत घेऊन त्यांना सुट्टीपुरते सभासद करून घेता येईल. गरीब घरातील मुलाला अनामतही जड जाते. अशा मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांची शिफारस पुरेशी मानावी. बाहेरगावी स्थिरावलेल्या नागरिकांना अनामत रकमेचा भार उचलण्याचे आवाहन केल्यास ते पुढे येतील. पुस्तकांचे गठ्ठे देणगी देण्यापेक्षा दहा मुलांचे सभासदत्व देणे कितीतरी उपयुक्त, हे त्यांना समजावून सांगावे लागेल.

चौथा बदल नोंदींचा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ‘ई-ग्रंथालय’ ही संगणक-प्रणाली ग्रंथालयांना उपलब्ध आहे. मराठी विश्वकोश आता महाजालावर वाचता येतो. सुट्टीत घरी आलेली महाविद्यालयीन मुले ग्रंथसूची संगणकावर उतरविण्यास हातभार लावू शकतात, आणि मुलांना विश्वकोशात नोंद कशी शोधावी हे शिकवू शकतात. भ्रमणध्वनीला शत्रू मानून चालणार नाही. एखादी नोंद वाचून तीच जिज्ञासा ग्रंथापर्यंत नेणे, हेच ग्रंथपालाचे कौशल्य ठरेल.

ग्रंथपाल हा या सर्व व्यवहाराचा कणा होय. तुटपुंज्या मानधनावर, अनेकदा एकट्याने, त्याला वा तिला दार उघडण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंत सारी कामे करावी लागतात. त्यातच उन्हाळी कार्यक्रमांचे ओझे त्याच व्यक्तीवर टाकून कार्यकारी मंडळाने केवळ व्यासपीठावर बसावे, हे उचित नव्हे. पदाधिकाऱ्यांनी प्रत्येकी एक सायंकाळ देवघेवीच्या टेबलावर काढली, तरी ग्रंथपालाचा भार हलका होईल आणि गावातील वाचक काय मागतो हेही त्यांना कळेल.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. विदर्भात आणखी काही दिवसांनी. त्या वेळी कार्यकारी मंडळाच्या बैठकीत उन्हाळी कार्यक्रमांचा अहवाल मांडला जातो. त्या अहवालात वक्त्यांची नावे आणि उपस्थितीचे आकडे असतातच. त्यांच्या जोडीला आणखी तीन आकडे असावेत: सुट्टीत किती नवी मुले सभासद झाली, त्यांनी किती पुस्तके घरी नेली, आणि शाळा उघडल्यानंतर ऑगस्टअखेर त्यांपैकी किती जण अद्याप येत आहेत. तिसरा आकडा लहान असेल तर निराश होण्याचे कारण नाही. परंतु तो दरवर्षी लिहिला गेला पाहिजे. कोणत्या मुलाने येणे थांबवले आणि का, याची चौकशी लहान शहरातच होऊ शकते, कारण तेथे प्रत्येक घर ओळखीचे असते. लहान गावाच्या ग्रंथालयाचे हे सामर्थ्य मोठ्या शहरांना नाही. त्या सामर्थ्याचा उपयोग करून घेण्याची संधी दर उन्हाळ्यात चालून येते. राज्यातील ग्रंथालय कार्यकर्ते तिचा लाभ उठवतील, असा विश्वास वाटतो.