सरोजिनी नगरचं कापड, गोधडीचा टाका

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात निर्यातीतून उरलेले सुती कपडे ढिगाने मिळतात. सोमवारी मात्र बाजार बंद! पॅचवर्क शिकायचं तर तिथल्या दोन-तीन शर्टांतून एक टेबलमॅट शिवला तरी पुरे. पहिल्याच फटक्यात पलंगपोसाच्या नादी लागू नका. कापड आधी धुवा, नाहीतर शिवल्यावर एखादा तुकडा आटतो आणि शेजारच्यालाही ओढतो. ४ इंचांचा चौकोन हवा तर साडेचार इंच कापा, म्हणजे चारी बाजूंना शिवणीसाठी पाव इंच मिळेल. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री हवीच. शिवणीची दुमड गडद तुकड्याकडे वळवा, फिक्या कापडातून ती दिसते. आत जुन्या धोतराचा थर घालून आपल्या गोधडीसारखा धावदोरा घाला. पॉलिएस्टर कितीही देखणं असलं तरी नकोच; तापलेल्या भांड्याखाली ते आक्रसतं.