खुनाचा आरोप आणि वकिलाचा हक्क

औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदमधल्या एखाद्या घरातल्या माणसावर खुनाचा गुन्हा दाखल झाला, की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. वकिलाच्या फीसाठी जमीन गहाण टाकण्याआधी एवढं ऐका.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अर्ज बीदर किंवा कलबुर्गीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. मदतीचा क्रमांक १५१००. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात हा वकील किमान दहा वर्षं वकिली केलेला असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बजावलं आहे.

साक्ष कन्नडमध्ये चालली आहे आणि आरोपीला फक्त मराठी कळतं? मग ती भर न्यायालयात मराठीतून समजावून सांगा, अशी मागणी करा. तो कायद्यानं दिलेला हक्क आहे. खुनाच्या गुन्ह्यात पोलिसांनी ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन मिळतो. मात्र त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो.

शिक्षा झालीच, तर अपिलासाठी बंगळूर गाठायला नको. उच्च न्यायालयाचं कायमस्वरूपी खंडपीठ २०१३ पासून कलबुर्गीतच आहे.

गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच असतो. त्याची बाजू नीट मांडली गेली, तरच निकालाला न्याय म्हणता येईल.