फेकणारे मिळाले, अडवणारेही मिळतील



लखनौच्या गुरू गोविंद सिंग स्पोर्ट्स कॉलेजात दोन मुलं भालाफेक शिकत होती. भदोहीकडचा रिंकू सिंह आणि वाराणसीजवळच्या खेड्यातला दिनेश पटेल. जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकी एजंटानं बेसबॉलसाठी वेगवान हात शोधायला भारतात स्पर्धा भरवली. 2008 मध्ये त्या स्पर्धेत डावखुऱ्या रिंकूनं ताशी 87 मैल वेगानं चेंडू टाकून एक लाख डॉलर जिंकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघानं दोघांशी करार केला. 13 जुलै 2009 रोजी रिंकूच्या नावावर सामना जिंकल्याची नोंद झाली. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये भारतीय खेळाडूची ही पहिलीच नोंद. पुढं यावर सिनेमाही निघाला.

दोघंही पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, झाले, यात मला नवल वाटत नाही. फेकीचा वेग यंत्र सांगतं, त्यासाठी बेसबॉल माहीत असावा लागत नाही. दुसरा बेस, तिसरा बेस, शॉर्टस्टॉप या आतल्या जागांचं मात्र तसं नाही. जमिनीलगत सरपटत येणारा चेंडू शेवटच्या क्षणी कुठं उसळेल हे पायांना आधी कळावं लागतं, आणि ते लहानपणापासून हजारो चेंडू अडवूनच कळतं. शिवाय तिथून पहिल्या बेसकडे झटपट फेकायला उजवा हात सोयीचा. डावखुऱ्याचा वळण्यातच वेळ जातो.

या सगळ्या जागा सांभाळणारा तो युटिलिटी इन्फिल्डर. आज इथं, उद्या तिथं, परवा बाकावर. त्याचं नाव क्वचितच मथळ्यात येतं, पण कुणाचा घोटा मुरगळला की प्रशिक्षकाची नजर पहिल्यांदा त्याच्याकडेच वळते. सेंट लुईसच्या संघाचा होसे ओकेंडो 1988 च्या एकाच मोसमात नऊच्या नऊ जागांवर खेळला! मला हा खेळाडू फार मोलाचा वाटतो. पिचरचं सगळं पोट एका हातावर. दिनेशला 2010 च्या अखेरीस संघानं मोकळं केलं. रिंकूनं नेटानं अनेक मोसम काढले, 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या संघापर्यंत पोचला. मग दुखापतींनी हात धरला आणि तो व्यावसायिक कुस्तीकडे गेला.

अडवणारे हात आपल्याकडे नाहीत असं कोण म्हणेल? हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, क्रिकेटपटू एकनाथ सोलकर आठवा. 27 कसोटींत 53 झेल, तेही बरेचसे फलंदाजाच्या पुढ्यात, हेल्मेटशिवाय उभं राहून. फलंदाजी कुठल्याही क्रमांकावर, गोलंदाजी मध्यमगती हवी तर मध्यमगती, फिरकी हवी तर फिरकी.

लखनौत किंवा मुंबईत आठ-दहा वर्षांच्या मुलांना हातमोजे द्यावेत, आणि कुणी जाणत्यानं रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जमिनीलगतचे चेंडू मारत राहावं. पुढच्या करारासाठी वेग मोजणारं यंत्र लागणार नाही. पंधरा वर्षांचा धीर लागेल.