सातबाऱ्यावर नसलेली विहीर
(स्वागताध्यक्षीय भाषण)



वैजापुरात आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षानं मंडप बघावा, पंगत बघावी आणि थोडक्यात बोलून बसावं, अशी रीत आहे. मंडप उभा आहे, पंगतीची तयारी झाली आहे. थोडक्यात बोलायचं तेवढं माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही.

आमच्या तालुक्याचे दोन भाग. गोदावरीकडची गंगाथडी आणि वरची डोंगरथडी. गंगाथडीला कालवा तरी आहे. आम्ही डोंगरथडीवाले विहिरीवर आणि विहिरीइतकेच लायटीवर जगतो. आठवड्यातून काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. कांद्याला पाणी द्यायचं तर बॅटरी, काठी घेऊन मध्यरात्री बांधावर जायचं. विंचू, साप आणि आता बिबट्याही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं वीजबिल एप्रिल 2024 पासून सरकारनं माफ केलं. बिल माफ झालं, रात्र नाही झाली. म्हणून ही परिषद दिवसाच्या विजेसाठी आहे, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

याच तालुक्यात धोंदलगावला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधला राज्यातला पहिला प्रकल्प 2024 च्या सप्टेंबरात सुरू झाला. तीन मेगावॉटचा. तिथं कुणाच्या विहिरीवर पॅनल नाहीत. अख्ख्या फीडरलाच दिवसा सूर्याची वीज. पाहुण्यांनी वेळ काढून जरूर बघून यावं. ज्यांच्याकडे उपकेंद्राजवळ खडकाळ, पडीक रान आहे त्यांना ते भाड्यानंही देता येतं. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी त्यावर तीन टक्के वाढ. मात्र करार मोठ्या मुदतीचा असतो. सही करण्याआधी वकिलाला आणि घरातल्या पोरांना, दोघांनाही दाखवा.

आता स्वतःच्या पंपाचं. केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 ची. तिच्या जोडीनं आपल्या राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढं साडेसात. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा. ऐकायला सोपं आहे. मलाही वाटलं होतं.

माझ्या वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात खोदलेली विहीर आहे. तिच्यावर दोन पिढ्या वाढल्या, दोन बहिणींची लग्नं झाली. मी अर्ज भरला आणि त्रुटी निघाली : सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही! पन्नास वर्षं आम्ही जिचं पाणी प्यायलो ती सरकारच्या लेखी नव्हतीच. मग नोंदीसाठी हेलपाटे. नोंद झाली तर विहीर सामाईक निघाली. म्हणून चुलते-चुलतभावांची संमती, दोनशेच्या स्टॅम्पवर. सूर्याचा उजेड भावकीला न विचारता मिळतो, पण त्याच्यावर चालणारी मोटर भावकीला विचारूनच बसते. एका चुलत्याची सही मिळवायला मला त्यांच्या नातवाच्या जावळाला जावं लागलं. गेलो, जेवलो, सही आणली.

तेव्हा मदत नाही असं मी म्हणणार नाही. मदत आहे, पण ती कागदाच्या पलीकडच्या काठावर उभी आहे, आणि अलीकडून पलीकडे नेणारा माणूस गावात नाही. ती पोकळी कोण भरतं ते तुम्हाला माहीत आहे. ‘कोटा संपत आला, आज पैसे टाका’ असा फोन येतो. कुसुमच्या नावानं खोट्या वेबसाइट काढून लोकांकडून नोंदणीचे पैसे उकळले गेले. केंद्राच्या मंत्रालयाला वारंवार सावध करावं लागलं.

दुसऱ्या गोष्टीवर अधिकारी मंडळींनी रागावू नये. पंप एकरावर ठरतो, पाणी खोलीवर असतं. ज्याच्या अडीच एकरात पाचशे फुटांची बोअर आहे त्यानं तीनचा पंप घेऊन करायचं काय? अशा माणसाला सौरचा आग्रह धरू नका, साधी जोडणी द्या. आणि शेतकऱ्यांनीही संयुक्त पाहणीला आलेल्या माणसाला पाण्याची पातळी मे महिन्यातली सांगावी, श्रावणातली नव्हे. पंप बसला की बिल नाही म्हणून दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो, मलाही झाला. त्या उन्हाळ्यात माझी विहीर एरवीपेक्षा आधी उघडी पडली. आता ठिबक केलं आहे.

पंपाखेरीज आणखी दोन गोष्टी. गोबर गॅसला केंद्राचं अनुदान जिल्हा परिषदेच्या कृषी विभागातून मिळतं. त्यावर दुपारी स्वतंत्र सत्र आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी कृषी पायाभूत सुविधा निधी आहे, दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत. बँकेचे साहेब त्याबद्दल सांगतील. त्यांना तारण काय लागतं ते आधी विचारा, व्याज नंतर.

एक विनंती भगिनींना. पुष्कळ घरांत रात्रीचं पाणी तुम्हीच धरता आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव नसतं. ज्यांचं आहे त्यांनी अर्ज स्वतःच्या नावानं भरावा, ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर घ्यावा.

व्यवस्थेत उणीव राहिली असेल तर ती माझी, पदरात घ्या. मंडपाबाहेर डाव्या हाताला चार टेबलं मांडली आहेत. तिथं पोरं लॅपटॉप घेऊन बसली आहेत. एक पैसा द्यायचा नाही. सातबारा, आधार, पासबुक आणलं असेल तर अर्ज आजच भरून घ्या. सातबाऱ्यावर विहीर आहे का तेवढं आधी उघडून बघा. मागच्या मळ्यात पंपाचं प्रात्यक्षिक ठेवलं आहे. बारा वाजता बघा आणि चार वाजता परत बघा. धार दोन्ही वेळा वेगळी दिसेल, आणि विकणारा तुम्हाला फक्त बारा वाजताचीच दाखवतो. जेवण साडेबाराला आहे, पहिल्या पंगतीला लांबून आलेल्यांनी बसावं.