शेंगा सोलता सोलता



मंडळाच्या वाढदिवशी मी मोबाईलवर बोलणार म्हटल्यावर काही जणींनी नाके मुरडली. पण घरोघरी भांडण त्याचेच आहे ना?

आमची धाकटी आता सोळा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ती रात्री दिवा मालवू देईना, जेवणातही लक्ष नाही. विचारले तर "काही नाही." अखेर माझ्या बहिणीपाशी बोलली. रील पाहता पाहता खऱ्या अपघाताचे भयंकर दृश्य तिच्यापुढे आले होते. तिने ते शोधले नव्हते. "मग आईला का नाही सांगितलेस?" तर म्हणाली, "आई फोन काढून घेईल."

ते मला लागले, कारण ते खरे होते. मी तसे दोनदा केले होते.

मी तिला शब्द दिला, सांगितलेस म्हणून फोन जाणार नाही. पुढे मैत्रिणीकडे 'ए' शेऱ्याची मालिका पाहिल्याचे तिने सांगितले, तेव्हा हात कसे शिवशिवले म्हणून सांगू! पण शब्द पाळला.

२०२१ च्या सरकारी नियमांप्रमाणे ओटीटीवरील चित्रपट-मालिकांना वयाचे शेरे असतात. 'यू/ए १३+' पासून पुढच्यांना कुलूप लावण्याची सोय कंपन्यांनी द्यावीच लागते. कुलूप अवश्य लावा, मीही लावले आहे. पण ते मैत्रिणीच्या घरी चालत नाही, आणि रीलवर असा शेरा नसतो.

मुलांना समोर बसवून मात्र विचारू नका, पोलीसचौकी वाटते. मी शेंगा सोलायला देते. नजर शेंगांकडे असली की तोंड उघडते. "हे कुणी केले असेल? कशासाठी?" एवढेच विचारायचे, आणि मग (हे मला फार जड गेले) गप्प बसायचे.

२०२५ साली आलेली 'ॲडोलेसन्स' ही चार भागांची ब्रिटिश मालिका आम्ही दोघींनी मिळून पाहिली. तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला मुलांच्या संदेशांतल्या चिन्हांचा अर्थच कळत नाही, तो त्याचा स्वतःचा मुलगा त्याला समजावून देतो. तिथे मालिका थांबवून मीही लेकीला आमच्याकडच्या चिन्हांचे अर्थ विचारले. तासभर शिकवणी चालली. काही अर्थ ऐकून मी पदर तोंडाला लावला.

परवा मी घरच्या ग्रुपवर एका काढ्याचा व्हिडिओ पाठवला. लेक स्वयंपाकघरात आली, शेंगांची परात पुढे ओढली आणि म्हणाली, "आई, हा कुणी केला असेल? कशासाठी?"

मी तो पुसून टाकला.